सावद्याहून सुरतेला : तापीकाठच्या एका वाटेचा इतिहास

सावदा हे रावेर तालुक्यातलं गाव. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत नजर पोचेल तिथवर केळी. समुद्र इथून तीनशे किलोमीटरांहून दूर. सुट्टीत गाडी काढून समुद्र पाहायला निघालेली इथली काही कुटुंबं कोकणात जातात, काही गोव्याला. काही मात्र सुरतेला नातेवाइकांकडे उतरतात आणि संध्याकाळी डुमसच्या किनाऱ्यावर जातात. या शेवटच्या प्रवासाला चारशे वर्षांहून जुना इतिहास आहे. मुघल काळात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरचं प्रमुख बंदर होतं आणि तिथून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा मोठा रस्ता चोपडा, यावल, रावेर असा याच पट्ट्यातून जात होता. यावल आणि रावेर यांच्या मधल्या टप्प्यात आजचं फैजपूर येतं आणि सावदाही.

या वाटेचं सर्वांत जिवंत वर्णन विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा हा नोकर जानेवारी 1610 मध्ये सुरतेहून निघाला. रोज किती कोस चालणं झालं, गाव कसं, किल्ला आहे की नाही, पाणी गोड की मचूळ, रस्ता चोरांचा की निर्धोक, हे सारं तो टिपत गेला. नंदुरबारनंतर निमगूळ लागलं. तिथल्या अंमलदारानं पुढं वाटेत गाठून त्याच्याकडे उसने पैसे मागितले. फिंचनं बंदुका दाखवल्यावर तो मागं फिरला. शिंदखेड्याजवळच्या नदीचं मचूळ पाणी पिऊन फिंचला रक्ती हगवण लागली आणि ती बऱ्हाणपूर येईपर्यंत सुटली नाही. थाळनेर त्याला आवडलं. गाव चांगलं, किल्ला आहे, आणि नदी अशी की पावसाळ्यात नावेशिवाय पार होत नाही, अशी त्याची नोंद आहे. ही नदी म्हणजे तापी.

चोपड्याला तो पोचला आणि अवकाळी पाऊस सुरू झाला. दोन दिवस तो तिथं अडकला. ही अडचण त्याच्या पथ्यावर पडली, कारण त्या दोन दिवसांत नंदुरबारचा सुभेदार चारशे घोडेस्वार घेऊन तिथं आला आणि फिंचला पुढच्या वाटेची सोबत मिळाली. ती नसती तर पुढं जाणं धोक्याचं झालं असतं, असं तो स्वच्छ लिहितो. दक्षिणेत मलिक अंबरनं मुघलांना जेरीस आणलं होतं, मुघल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम मार खाऊन बऱ्हाणपुरास परतला होता आणि मुलुखात बेबंदी माजली होती. 1 फेब्रुवारीला फिंच अडावदला आला. दुसऱ्या दिवशी यावल : मोठं गाव, चांगला किल्ला. तिसरा दिवस पुन्हा खराब हवेनं गेला. 4 फेब्रुवारी 1610 रोजी त्यानं यावल ते रावेर हा सोळा कोसांचा लांबलचक टप्पा एका दिवसात ओलांडला आणि 5 तारखेला तो बऱ्हाणपुरात दाखल झाला.

त्या सोळा कोसांत कुठलं गाव लागलं, कुठं बैलांना पाणी पाजलं, हे फिंच लिहीत नाही. एक दिवस वाया गेलेला, पोटात कळा आणि पुढं चारशे घोड्यांची घाई. तो थांबला नसणार. पण यावलहून रावेरला जाताना सातपुड्याची कड डाव्या हाताला धरून जी वाट येते ती सावद्याच्याच शिवारातली.

पाच वर्षांनी याच वाटेनं इंग्लंडच्या राजाचा वकील आला. सर टॉमस रो 30 ऑक्टोबर 1615 रोजी सुरतेहून निघाला आणि 14 नोव्हेंबरला बऱ्हाणपुरास पोचला. तिथं शाहजादा परवेझचा मुक्काम होता आणि रोला पुढं अजमेरला जहांगीर बादशहाच्या भेटीला जायचं होतं. सुरत ते बऱ्हाणपूर हे अंतर त्यानं अंदाजे 223 मैल धरलं, म्हणजे साधारण 360 किलोमीटर. नकाशा हाताशी नसताना बांधलेला हा अंदाज आजच्या मोजमापाच्या बराच जवळ जातो. मुलुखाबद्दल मात्र त्यानं कडवट लिहिलं : जमीन ओसाड, गावं सगळी मातीची, विसाव्याला धड घर नाही. पांढऱ्या मातीच्या धाब्याची घरं खानदेशात आजही आहेत. उन्हाळ्यात ती किती थंड राहतात, हे नोव्हेंबरात तंबू ठोकून राहणाऱ्या वकिलाला कळायला मार्ग नव्हता.

या प्रवासांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट लक्षात येते. रो ऑक्टोबरच्या अखेरीस निघाला, पीटर मंडी हा दुसरा इंग्रज 1630 मध्ये नोव्हेंबरात निघाला, फिंच जानेवारीत. हे योगायोग नव्हेत. नैर्ऋत्येचा पाऊस थांबला की जहाजं सुरतेच्या किनाऱ्याला लागत. त्याच सुमारास खानदेशातली काळी जमीन वाळून गाडीची चाकं पेलण्याजोगी होई आणि तापीला उतार मिळे. समुद्र आणि ही जमीन दोन्ही एकाच वेळी प्रवासाला खुली होत. चिखलात गाडी रुतण्याचा अनुभव असलेल्या इथल्या शेतकऱ्याला हे वेळापत्रक वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

वाटेवर कोण चाले आणि काय जाई, याची माहिती फ्रेंच जवाहिऱ्या झां बातिस्त तावेर्निए देतो. सतराव्या शतकाच्या मध्यात तो हिंदुस्थानात अनेकदा आला. त्याच्या टप्प्यांच्या यादीत बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, साकळी ही गावं ओळीनं येतात. नवापूरच्या तांदळानं तो हरखून गेला होता. दाणा बारीक, बर्फासारखा पांढरा आणि शिजताना कस्तुरीसारखा घमघमणारा. हिंदुस्थानातले बडे लोक हाच तांदूळ खातात आणि इराणात कुणाला खास भेट द्यायची असेल तर याचं पोतं नेतात, असं तो सांगतो. बऱ्हाणपुरात विणलं जाणारं तलम पांढरं कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, हेही त्यानंच नोंदवलं. तापीच्या खोऱ्यातल्या मागावर निघालेलं ते ठाण बैलगाडीत चढे आणि याच वाटेनं पश्चिमेला जाई.

भाडंही त्यानं लिहून ठेवलं आहे. दोन बैलांची प्रवासी गाडी साधारण रुपया रोजानं मिळे. सुरत ते आग्रा हा सगळा प्रवास पस्तीस ते चाळीस दिवसांचा आणि त्याचे चाळीस ते पंचेचाळीस रुपये पडत. पण रस्त्याचे खरे धनी बंजारे होते. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे तावेर्निएनं पाहिले. एकेका तांड्यात एकच माल असे : कुणाकडे धान्य, कुणाकडे तांदूळ, कुणाकडे डाळी, कुणाकडे मीठ. समोरून असा तांडा आला की प्रवाशांना कधी कधी दोन-तीन दिवस थांबून त्याला वाट द्यावी लागे. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही अशा गावांच्या रोजच्या जेवणात समुद्र उतरला तो या बैलांच्या पाठीवरून, मिठाच्या गोणीतून.

वाट नेहमी भरभराटीचीच नव्हती. 1630 ते 1632 च्या दुष्काळानं गुजरात आणि खानदेश उद्ध्वस्त केले. पीटर मंडी नोव्हेंबर 1630 मध्ये या वाटेनं गेला तेव्हा नंदुरबारजवळ तंबू ठोकायला प्रेतांविना मोकळी जागा सापडणं कठीण झालं होतं. ज्या रस्त्यानं बंदरातली सुबत्ता आत येई, त्याच रस्त्याच्या कडेनं उपाशी माणसं बंदराकडे निघाली आणि वाटेतच पडली. खानदेशच्या इतिहासात हे पान वगळून पुढं जाता येत नाही.

वाट संपे ती सुरतेत. सुरत समुद्राच्या थेट काठावर नाही. ती तापीच्या काठी, मुखापासून आत वसली आहे. नदीचं पात्र गाळानं उथळ असल्यानं मोठी जहाजं शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती नदीच्या मुखाच्या उत्तरेला सुवाळीच्या खोल पाण्यात नांगर टाकत आणि माल तिथून शहरात आणला जाई. याच सुवाळीसमोर नोव्हेंबर 1612 मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज जहाजांना मागं रेटलं आणि लगोलग सुरतेत वखार उघडण्याची परवानगी मिळवली. मक्केला जाणारे यात्रेकरूही इथूनच जहाजात बसत. आग्र्याहून, दिल्लीहून निघालेल्या कित्येक हज यात्रेकरूंनी बऱ्हाणपूरनंतर यावल-चोपड्याचीच वाट तुडवली असणार.

इतक्या लांबून आलेल्या माणसाला सुरतेत थांबावंच लागे. जहाज मिळेपर्यंत, वारा फिरेपर्यंत, हुंडी वटेपर्यंत. शाहजहानच्या काळात, 1644 मध्ये, अशा मुसाफिरांसाठी तिथं मोठी सराई बांधली गेली. मधे ऐसपैस चौक, चारी बाजूंनी कमानीदार ओवऱ्या. ही इमारत आजही उभी आहे आणि वापरात आहे : सुरत महानगरपालिकेचं मुख्यालय तिथंच आहे. भाग अजून मुगलीसरा याच नावानं ओळखला जातो. आज सुट्टीत सुरतेला थांबणाऱ्या सावदेकरानं पाहण्याजोगी पहिली जागा हीच. खानदेशातून आलेले कितीतरी व्यापारी, कारकून आणि यात्रेकरू या चौकात उतरले असतील.

तिथून जवळच तापीच्या काठी किल्ला आहे. गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या काळात, 1546 च्या सुमारास, खुदावंद खानानं तो पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहर राखण्यासाठी बांधला. आता त्याची डागडुजी होऊन आत संग्रहालय झालं आहे. कतारगाम भागात इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची थडगी आहेत आणि ती एखाद्या नबाबाच्या मकबऱ्यासारखी घुमटांची आणि उंच आहेत. इंग्रज वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झिंडेन 1669 मध्ये मेला. त्याचं आणि त्याच्या भावाचं थडगं इथं आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ तयार करवून घेणारा डच अधिकारी व्हान रीड 1691 मध्ये वारला, तोही इथंच विसावला आहे.

सुरतेच्या जुन्या भागात बऱ्हाणपुरी भागळ आहे. शहराचा पूर्वेकडचा दरवाजा बऱ्हाणपूर दरवाजा म्हणून ओळखला जाई, कारण बऱ्हाणपूरची वाट तिथून सुटे. म्हणजे चोपडा, यावल, सावदा, रावेर या पट्ट्यातून आलेली गाडी याच दरवाजातून शहरात शिरे.

मराठी माणसाच्या दृष्टीनं या दरवाजाला आणखी एक अर्थ आहे. 6 जानेवारी 1664 रोजी शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा त्यांचा तळ बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत पडला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. वीरजी वोरासारख्या धनाढ्य सावकारांचे वाडे लुटले गेले. इंग्रजांनी ऑक्झिंडेनच्या हाताखाली आपली वखार राखली. सुरतेला तोपर्यंत मातीचा कोट होता, पक्की तटबंदी त्यानंतर झाली. 3 ऑक्टोबर 1670 रोजी महाराजांनी सुरत पुन्हा गाठली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मराठी फौजा खानदेशातून वऱ्हाडात कारंजापर्यंत गेल्या. इंग्रजांनी 1674 मध्ये धरणगावला वखार घातली ती इथलं कापड सुरतेला नेण्यासाठीच, आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांनी ती लुटली. जानेवारी 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या काळात बऱ्हाणपूरलगतचं बहादूरपूर लुटलं गेलं. पाठ्यपुस्तकात ही सगळी प्रकरणं वेगवेगळ्या पानांवर येतात. नकाशावर मात्र ती एकाच व्यापारी जाळ्यातले ठोके आहेत. सुरत हे त्या जाळ्याचं तोंड, बऱ्हाणपूर हे त्याचं पोट आणि मुघलांचा पैसा यांच्यामधून वाहत होता.

पुढं सुरतेचं तेज ओसरलं. 1687 मध्ये इंग्रज कंपनीनं आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवलं, मुघल सत्ता खिळखिळी झाली आणि नदीतला गाळ वाढतच राहिला. सावद्याचीही मालकी बदलली. 1763 मध्ये निजामानं सावदा पेशव्यांना कायमचं दिलं आणि थोड्याच काळात ते सरदार रास्त्यांकडे आलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या कन्या. रास्ते म्हणजे मूळचे गुहागरजवळच्या वेळणेश्वरचे गोखले. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव समुद्रकाठच्या घराण्याकडे गेलं, तेही सुरतेच्या नव्हे तर कोकणच्या किनाऱ्यावरच्या.

इंग्रजी अंमलात सावदा शांत नव्हतं. 1852 मध्ये जमीन महसुलाची नवी पाहणी सुरू झाली तेव्हा सारा वाढणार या भीतीनं इथं दहा ते पंधरा हजार माणसं जमली आणि फौज येऊन म्होरक्यांना धरेपर्यंत ती हटली नाहीत. ज्या गावात इतका मोठा जमाव एकत्र येऊ शकतो ते गाव मुलुखाच्या मध्यावरचं आणि रस्त्यावरचं असतं. 1883 मध्ये सावद्याला नगरपालिका झाली. आठवडे बाजारात निमाड आणि वऱ्हाडचे उमदे बैल विक्रीला येत. कापूस, हरभरा, जवस, गहू यांचा व्यापार चाले. शेजारचं फैजपूर रंगारी कामासाठी आणि यावल हातकागद व निळीसाठी ओळखलं जाई.

तोवर आगगाडीनं समुद्राची दिशाच बदलली होती. 1870 मध्ये मुंबई ते जबलपूर लोहमार्ग पूर्ण झाला. भुसावळनंतर सावदा, रावेर ही स्थानकं त्याच मार्गावर. खानदेशचा कापूस सुरतेऐवजी मुंबईच्या गोदीत जाऊ लागला आणि हजारो बैलांचे तांडे निरुपयोगी ठरले. तीस वर्षांनी, 1900 मध्ये, तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत आली आणि जुन्या वाटेला लोखंडी रूपात पुन्हा जीव आला. या मार्गानं मालापेक्षा माणसं जास्त नेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेत यंत्रमाग आणि कापडाचे कारखाने वाढले तसे जळगाव, धुळे, नंदुरबारचे तरुण उधना स्थानकावर उतरू लागले. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आज खानदेशी कुटुंबांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊत गावी जन्मलेले सी. आर. पाटील सुरतेलगतच्या नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून जातात, यावरून या वस्तीचं वजन कळतं.

गुजरातशी सावद्याचं नातं त्याहूनही जुनं सांगितलं जातं. या पट्ट्यातला लेवा पाटीदार समाज आपले पूर्वज गुजरातेतून आल्याची परंपरा सांगतो आणि सावद्यात स्वामीनारायण संप्रदायाचं मंदिर आहे. ही माणसं, त्यांची बोली आणि त्यांचा देव तापीच्या वाटेनंच वर आले असावेत.

आता माल पुन्हा समुद्राकडे निघाला आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2021 मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन केळी दुबईला रवाना झाली. इथली निर्यातीची केळी थंड कंटेनरमधून बंदर गाठते, पण ते बंदर आता मुंबईजवळचं न्हावाशेवा. दुबई म्हणजे अरबस्तानचाच किनारा. तावेर्निएच्या काळात बऱ्हाणपुरी कापड गेलं तो मुलुख.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग आज सावदा, फैजपूर, यावल, चोपडा अशा क्रमानं जातो, तो बहुतेक ठिकाणी याच जुन्या वाटेच्या अंगानं. त्याच्या रुंदीकरणाची मागणी होते, गावोगावी रस्त्याकडेची जुनी घरं पाडली जातात. थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, यावलला किल्ल्याचे अवशेष आहेत. पण फिंच इथं कधी आला, रो किती दिवसांत इथून गेला, बंजाऱ्यांचं मीठ कुठून कुठं जाई, हे सांगणारा एक तरी फलक या रस्त्यावर असायला नको का? चोपडा, यावल, सावदा आणि रावेर इथं असे चार फलक लावायला मोठा खर्च येणार नाही. त्याहून निकडीचं काम घराघरांतलं आहे. सावदा, फैजपूर, यावलच्या जुन्या व्यापारी घरांत रोजकीर्दी, खतावण्या, सुरत किंवा बऱ्हाणपूरच्या पेढ्यांशी झालेला पत्रव्यवहार शिल्लक असेल, तर वाडा पाडण्याआधी तो धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे किंवा जळगावच्या विद्यापीठाकडे दाखवायला न्यावा. परदेशी प्रवाशांनी या वाटेबद्दल लिहिलं ते सगळं जाता जाता लिहिलं. इथं राहणाऱ्यांनी ती कशी पाहिली, हे त्या चोपड्यांतच मिळेल.